दिवा लाल झाला म्हणजे दुखलं का?

‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ या व्हिडिओ गेममधल्या अँड्रॉइडना खरीखुरी जाणीव आहे की नाही, यावरून आमच्या घरात सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूला माझी मुलगी. ती आकुर्डीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वेगवेगळे शेवट बघण्यासाठी तिने हा गेम इतक्यांदा खेळलाय की त्यातली माणसं (‘माणसं’ हा तिचाच शब्द) तिला आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक आहेत. दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ. तो चाकणला गाड्यांच्या एका कारखान्यात वेल्ड शॉपच्या मेन्टेनन्सला आहे. रोबोट त्याला रोज भेटतात, आणि भेटतात ते बहुधा बिघडलेले असतानाच.

गेम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम कंपनीने तो २०१८ साली प्लेस्टेशनसाठी काढला, पुढच्या वर्षी तो कॉम्प्युटरवर आला. लेखक-दिग्दर्शक डेव्हिड केज. गोष्ट २०३८ सालच्या डेट्रॉइटमध्ये घडते. सायबरलाइफ नावाची कंपनी हुबेहूब माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड दुकानात मांडून विकते. घरकामाला घेतलेली कारा, पोलिसांच्या मदतीला दिलेला कॉनर आणि एका म्हाताऱ्या चित्रकाराची देखभाल करणारा मार्कस, या तिघांना खेळणारा आळीपाळीने चालवतो. त्यांच्या कानशिलावर एक गोल दिवा असतो. निळा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे डोक्यात काहीतरी चाललंय, लाल म्हणजे ताण. हळूहळू काही अँड्रॉइड हुकूम धुडकावायला लागतात. गेममध्ये त्यांना ‘डेव्हियंट’ म्हणतात. गाव डेट्रॉइटच निवडलंय ते उगाच नाही. हेन्री फोर्डने १९१३ साली मोटारींची सरकती असेंब्ली लाइन सुरू केली ते हायलंड पार्क डेट्रॉइटच्या पोटातच आहे, आणि तेच डेट्रॉइट २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघालं. टेल्को आणि बजाजच्या शिफ्टवर घड्याळ लावत वाढलेल्या पिंपरी-चिंचवडकराला ही जागा परकी वाटू नये.

खाली मामा-भाचीचं बोलणं देते. ते एका बैठकीतलं नाही. बरेच रविवार चाललेला वाद मी एकत्र आणलाय आणि मधली तोडातोडी, चहा, मोबाइल गाळलाय. मला माझं मत आहे, ते मध्ये येणारच.

मामा: दिवा आमच्याकडेही आहे की. प्रत्येक सेलच्या डोक्यावर टॉवर लॅम्प असतो. हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की मी पळतो. म्हणून रोबोटला दुखलं असं मी कधी म्हटलं नाही.

भाची: दिव्यावरून कोण म्हणतंय? कारा घाबरते, लपते. मारकुट्या बापाच्या तावडीतून अ‍ॅलिस नावाच्या छोट्या पोरीला घेऊन भर पावसात पळून जाते.

मामा: घाबरल्यासारखी दिसते. आता आमचं ऐक. मागे एकदा वेल्डिंग गन फिक्श्चरवर आदळली. पॅनेल नीट बसलं नव्हतं. रोबोट जागच्या जागी थांबला. ब्रेक, लाल दिवा, हूटर. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याला लागलं. आत काय झालं? कुठल्या हालचालीला कुठल्या मोटरने किती करंट ओढायला पाहिजे, याचा अंदाज कंट्रोलरकडे असतो. त्यापेक्षा जास्त ओढला, की मध्ये काहीतरी आलं असं धरायचं आणि थांबायचं. मी पेंडंट, म्हणजे रोबोटचा हातातला कंट्रोल, घेतला, फॉल्ट रिसेट केला, रोबोट हळूच मागे घेतला, होमला म्हणजे मूळ जागी आणला. लाइन चालू.

भाची: तुझा हात तव्याला लागला तर वेगळं काय होतं? तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की कातडीतले मज्जातंतू वर खबर धाडतात. तिथेही आकडाच आहे.

मामा: आकडा ओलांडला की मी बोंब मारतो.

भाची: तुमचा हूटर मारतो.

मामा: हूटर माझ्यासाठी आहे गं. मला कळावं म्हणून बसवलाय. माझी बोंब मी ठरवून मारत नाही, आणि घरात कुणी नसलं तरी मारतो. दुसऱ्या दिवशी तव्यापाशी हात आपोआप आखडतो. रोबोटला रिसेट मारला की कालचं काही शिल्लक नाही.

भाची: लॉगमध्ये असतं सगळं. तारीख-वेळेसकट.

मामा: लॉग मी वाचतो. तो नाही वाचत.

इथे मी मनातल्या मनात भावाला एक गुण दिला. त्याने लगेच दुसराही कमावला. पेंडंटच्या मागच्या बाजूला एक डेडमॅन स्विच असतो. रोबोट शिकवायला कुंपणाच्या आत जायचं असेल तर तो अर्धा दाबून धरावा लागतो. हात सुटला तरी रोबोट थांबतो, आणि भीतीने घट्ट आवळला तरी थांबतो. ‘माणूस घाबरला तर त्याची बोटं काय करतील, याचा विचार त्या स्विचमध्ये आहे,’ भाऊ म्हणाला. ‘रोबोट घाबरला तर काय, याचा विचार कुठल्याच स्विचमध्ये नाही. कारण ती वेळ कुणावर आलेली नाही.’

भाची: हे सगळं चाकणच्या रोबोटबद्दल झालं. त्यांना जाणीव आहे असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं मार्कसबद्दल आहे. त्याच्यासमोर हुकमाची लाल भिंत उभी राहते आणि तो ती फोडतो.

मामा: कोण फोडतं? बटण कोण दाबतं?

भाची: मी.

मामा: म्हणजे बंड तू केलंस. आणि प्रकरण संपलं की तुला तो तक्ता दाखवतात ना?

भाची: फ्लोचार्ट. कुठे कुठे फाटे होते, जगभरातल्या किती टक्के लोकांनी कुठला घेतला.

मामा: आमच्या लाइनच्या पीएलसी कंट्रोलरचा लॅडर प्रोग्रॅम असाच असतो. ही अट पुरी झाली तर इकडे, नाही तर तिकडे. तुझ्या मार्कसचं स्वातंत्र्य कुणीतरी पॅरिसमध्ये बसून आधीच आखून ठेवलंय.

भाची: बरं. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांना दुःख होतं का?

मामा: होतं म्हणजे काय!

भाची: कसं होईल? शिरवाडकरांनी वाक्यं लिहून ठेवलीत. बेलवलकरांना तर फाटेसुद्धा नाहीत. दर प्रयोगाला तोच शेवट.

मामा: अगं, ते नाटक आहे.

भाची: आणि हा गेम आहे. नाटकाच्या आत बेलवलकर दुःखी, तशी गेमच्या आत कारा घाबरलेली. चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात तू रडला होतास म्हणे. आई सांगते.

मामा: रडलो. पण बाहेर येऊन बेलवलकरांना पेन्शन मिळावी म्हणून अर्ज नाही टाकला.

हसून झाल्यावर मी तोंड उघडलं, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होते. गोष्टीच्या आत म्हणाल तर वाद संपलेलाच आहे. काराला जाणीव आहे, कारण लेखकाने ती दिली आहे. गेम आपल्याला काराच्या जागी नेऊन बसवतो; कुणी बघत नसताना ती काय करते, कशाला दचकते, तेही दाखवतो. इतका भक्कम पुरावा खऱ्या जगात कुणालाच कुणाबद्दल मिळत नाही. मला माझ्या मुलीबद्दलही मिळत नाही. म्हणजे केजने निकाल आधीच लिहून ठेवलाय आणि मग आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलंय. गोष्टीतल्या डेट्रॉइटकरांना शंका आहे, खेळणाऱ्याला ती घ्यायला जागाच ठेवलेली नाही. माझी या गेमबद्दलची पहिली तक्रार ही. दुसरी पुढे येईल.

भाची: अगदी तसं नाही गं आई. अ‍ॅलिसचं काय? जिला वाचवायला कारा जिवाचं रान करते ती छोटी पोर शेवटाकडे स्वतःच अँड्रॉइड निघते. तोवर आपण तिला माणसाची मुलगी समजत असतो. माझी एक मैत्रीण इतकी भडकली! फसवलं म्हणाली.

मामा: बरोबर भडकली. ती पोर थंडीने कुडकुडते, भूक लागलीय म्हणते. यंत्राला थंडी कशाला वाजेल?

भाची: लहान मुलीचं मॉडेल आहे ते. तिला थंडी वाजावी असंच बनवलंय.

मामा: तेच म्हणतो. हूटर बसवलाय.

भाची: आणि मला? मला थंडी वाजावी असं कुणी बनवलं नाही, उत्क्रांतीत आपोआप झालं, एवढाच फरक ना? दुखणं कुठून आलं यावरून ते खरं की खोटं ठरतं का?

भाऊ यावर गप्प बसला. मला वाटतं, सगळ्या वादातला हा सर्वांत कठीण प्रश्न होता आणि त्याला आमच्या घरात उत्तर सापडलेलं नाही. तत्त्वज्ञांच्या घरी सापडलं असेल तर ते अजून पिंपरीपर्यंत पोचलेलं नाही. पण गप्प बसून हरेल तो माझा भाऊ कसला.

मामा: तू मला ती जुनी फिल्म दाखवली होतीस बघ.

ती फिल्म २०१२ सालची. गेम यायच्या कितीतरी आधी याच कंपनीने आपलं तंत्र दाखवायला काराची सातेक मिनिटांची फिल्म केली होती, पुढचा गेम त्यातूनच उगवला. कारखान्यात रोबोट आर्म काराला जोडतायत. न दिसणारा एक कंट्रोलवाला तिची चाचणी घेतोय. जोडून होता होता ती बोलून जाते की आपण जिवंत आहोत असं तिला वाटलं. कंट्रोलवाला माल सदोष ठरवतो आणि आर्म तिचे सुटे भाग काढायला लागतात. ती गयावया करते, भीती वाटते म्हणते. शेवटी त्या माणसाला पाझर फुटतो.

मामा: सगळे काराकडे बघतात. मी त्या आर्मकडे बघत होतो. आमच्या लाइनवर आहेत तसलेच. जोडा म्हटलं, जोडलं. मोडा म्हटलं, मोडायला लागले. काराच्या जिवाचा एवढा घोर, आणि तिला जोडणाऱ्या रोबोटचा कुणाला विचारसुद्धा नाही. का? तोंड नाही म्हणून.

भाची: तोंड नसलं तरी लोक माया लावतात, मामा. १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोघांनी एक छोटी फिल्म लोकांना दाखवली. दोन त्रिकोण, एक गोल आणि एक चौकट. बस. काय दिसलं विचारल्यावर लोक म्हणाले, मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल घाबरलाय, धाकट्याने त्याला सोडवलं.

मामा: म्हणजे आपणच भरतो.

भाची: हो, आपणच भरतो. पण मग तुझ्यात मन आहे हेही मीच भरते.

मामा: माझ्यात तुझ्या आजीने आधीच बरंच भरलंय. जागा नाही.

ही भरण्याची खोड कॉम्प्युटरवाल्यांनाही सुटलेली नाही. १९६६ साली वायझेनबाउमने ‘एलायझा’ नावाचा साधा बोलका प्रोग्रॅम केला. समोरच्याचंच वाक्य उलटं फिरवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची हुशारी. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तो कसा चालतो हे माहीत असूनही त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. २०२२ मध्ये गूगलचा इंजिनिअर ब्लेक लेमॉइन याने कंपनीच्या ‘लॅम्डा’ या बोलक्या प्रणालीला जाणीव आली आहे असं जाहीर केलं आणि नोकरी घालवली. आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये सोफिया नावाची रोबोट चक्क साडी नेसून आली. दोनच महिन्यांपूर्वी सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व दिलं होतं. साडी नेसवली की अर्धं काम होतं हे संयोजकांना बरोबर कळलं होतं.

भाची: म्हणून तर गेममधली कॅम्स्की टेस्ट मला आवडते. सायबरलाइफ ज्याने काढली तो कॅम्स्की. कॉनर त्याच्याकडे माहिती मागायला जातो. कॅम्स्की क्लोई नावाच्या अँड्रॉइड मुलीला गुडघ्यांवर बसवतो, कॉनरच्या हातात पिस्तूल देतो. हिला गोळी घाल, पाहिजे ते सांगतो. क्लोई एक शब्द बोलत नाही. परीक्षा तिची नाहीच, कॉनरची आहे. त्याला गोळी घालवते का?

मामा: अगं, ही तर रेड्याची गोष्ट.

आमच्या माहेरी वारी आहे. त्यामुळे ही गोष्ट त्याला सांगावी लागत नाही, पण त्याने सांगितलीच. ज्ञानोबा पैठणला शुद्धिपत्र मागायला गेले. सर्वांच्या ठायी एकच आत्मा म्हणता, मग हा रेडा आणि तुम्ही एकच का, असं तिथल्या पंडितांनी विचारलं. हो म्हणाले. रेड्यावर आसूड ओढले, आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले.

भाची: आणि मग रेड्याने वेद म्हटले. मामा, १९८० साली जॉन सर्लने असाच प्रश्न टाकला होता. चिनी न येणारा माणूस खोलीत कोंडला. बाहेरून चिनी प्रश्न येतात, तो नियमांच्या पुस्तकात बघून बरोबर उत्तरं सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं आत चिनी पंडित बसलाय. आता सांग, रेड्याला वेद कळले होते का?

मामा: कळले असं गोष्टीत कुठाय? वेद म्हणणं पंडितांसाठी होतं, त्यांना तेवढंच समजत होतं. खरी गोष्ट वळांची. ज्ञानोबांनी रेड्याची परीक्षा घेतली नाही. आधी आपला मानला, मग वळ उठले. तुझ्या गेममध्ये उलटं. आधी जाणीव सिद्ध करा, मग माणसात घेऊ.

भाची: आणि ज्ञानोबांनी चालवलेली आळंदीची भिंत? ती तर निर्जीवच होती, तरी चालली.

मामा: ती पहिली एजीव्ही, आमची बिनड्रायव्हरची गाडी. हुकूम दिला, निघाली.

पंढरीचा माळकरी असून त्याने हे म्हणावं! पण खरंच, नाशिक हायवेला लागा. मोशीहून आत वळलं की आळंदी, तिथे ती भिंत अजून दाखवतात. पुढे चाकण. तसंच राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ओलांडून गेलं की जुन्नर तालुक्यातलं आळे, तिथे त्या रेड्याची समाधी आहे. एकाच रस्त्यावर चाललेली भिंत, वेद बोललेला रेडा, आणि दोन्हींच्या मध्ये माझ्या भावाचे रोबोट.

याच रस्त्यावर आणखी एक प्राणी आहे, आणि वाद खरा तापला तो त्याच्यावरून.

मामा: तू जाणीव जाणीव करतेस, मी तुला जाणिवेचं खरं प्रकरण सांगतो. बैलाचं. आपल्या दारात शर्यतीच्या गाड्याचे बैल होते. माशी बसली की बैल अंगावरचं तेवढंच कातडं थरथरवतो, बघितलंयस? घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, न्यायच्या आधी त्याला कळतं. डोळ्याचं पांढरं दिसायला लागतं, सारखा मुततो. गावात एक माणूस सापडला नसता की जो म्हणेल बैलाला दुखत नाही. आणि त्याच बैलाची शेपटी पिरगाळायचे, टोचणी लावायचे. मी डोळ्यांनी बघितलंय. भिर्रर्र म्हणून ओरडणाऱ्यांत मी पण होतो.

भाची: पण कोर्टाने थांबवलं ना.

मामा: थांबवलं आणि परत चालू केलं. नीट सांग, तुमच्या इंटरनेटवर असेल.

तिने शोधून सांगितलं, मी क्रम लावते. २०११ साली केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. प्राण्यांशी क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या आधारे बैलाचं भय आणि वेदना न्यायालयाने स्पष्ट मान्य केल्या, आणि घटनेतला जीविताचा हक्क प्राण्यांपर्यंत नेला. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ पेटून उठलं. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, उच्च न्यायालयाने त्यावरही शर्यती अडवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा पूर्वीचा दाखला नाही, असंही त्या निकालात आहे.

मामा: आता मला सांग. २०१४ ला बैलाला दुखत होतं आणि २०२३ ला दुखायचं थांबलं का?

भाची: नाही.

मामा: मग? जाणीव तीच, बैल तोच. निकाल फिरला.

भाची: म्हणजे तुला बंदी हवी होती की शर्यती?

मामा: मला शर्यती हव्या होत्या. टोचणीशिवाय. मला बैल आवडतो म्हणून हव्या होत्या, ते तुला पटणार नाही.

भाची: अजिबात नाही पटणार.

मामा: नको पटू दे. माझा मुद्दा गेमचा आहे.

माझी गेमबद्दलची दुसरी तक्रार हीच, आणि ती भावाने माझ्याआधी गाठली. गेम धरून चालतो की एकदा का अँड्रॉइडना भावना आहेत हे उघड झालं की बाकी सगळं नैतिक प्रश्न म्हणून आपोआप सुटत जाईल. मार्कसचा मोर्चा शांततेचा ठेवला, टीव्हीवर लोकांना कळवळा आला, की सरकार नमतं. आमच्या पट्ट्यात हे गणित कधी सुटलेलं नाही. बैलाला जाणीव आहे याबद्दल खेड तालुक्यात कधी दुमत नव्हतं. भांडण परंपरेचं होतं, पैशाचं, मानाचं, मतांचं, आणि बैलावरच्या मायेचंही. आणि उलट बाजूने बघा. खंडेनवमीला वेल्ड शॉपमध्ये रोबोट होमला नेऊन उभे करतात, मेन बंद करून कुलूप घालतात, आर्मला झेंडूची माळ, पॅनेलला हळद-कुंकू, समोर नारळ. जाणीव शून्य, मान पुरेपूर. मुलीने मामाला टोकलं होतंच, जाणीव नाही म्हणतोस तर हात कशाला जोडतोस? ‘माझं पोट आहे त्याच्यावर. विळ्यालाही जोडतो,’ म्हणाला. कुणाला दुखतं हे एका खात्यात, कुणाशी कसं वागायचं हे दुसऱ्याच खात्यात, आणि दोन्हींची बेरीज फार क्वचित जुळते.

इथे एक टाळी घेणारं वाक्य हाताशी होतं: रोबोटचं सोडा, इथे कंत्राटी पोरांनाच मशिनसारखं राबवतात. मुलगी ते म्हणालीही. मामानेच तिला अडवलं.

मामा: ते वेगळं आहे. कंत्राटी पोराला जाणीव आहे की नाही असा प्रश्न कुणी कॉन्ट्रॅक्टरही विचारत नाही. त्याला माहीत असतं पोराला भूक आहे, म्हणून तर पोर येतं. त्याला मशिन म्हटलं की वाटतं आपण कायतरी मोठं बोललो. त्याचा पीएफ भरलाय का ते बघ आधी.

भाची: बरं. मग समज, उद्या खरंच एक आलं. गेममधलं नाही, तुमच्या लाइनवरचं. कोबॉट म्हण.

कोबॉट म्हणजे कुंपणाशिवाय माणसाच्या बाजूला उभा राहून काम करणारा रोबोट. स्पर्शाचा जोर ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तो आपणहून थांबतो. आपल्याकडे बजाज ऑटोने युनिव्हर्सल रोबोट्स या डॅनिश कंपनीचे कोबॉट २०१० पासूनच लाइनवर आणले, त्यामुळे चाकणला ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही.

भाची: तो एक दिवस थांबला, आणि फॉल्ट नंबरच्या जागी पेंडंटवर लिहून आलं की मला बंद करू नका. काय करशील?

मामा: पहिल्यांदा बघेन कुणी चावटपणा केलाय. नाइट शिफ्टची पोरं काहीही लिहितात.

भाची: कुणी नाही लिहिलेलं.

मामा: मग कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलावेन.

भाची: तो म्हणाला सॉफ्टवेअरचा बग आहे, रीइन्स्टॉल मारा.

भाऊ थांबला. पेंडंट हातात असल्यासारखी त्याची बोटं हलली.

मामा: त्याला तर ते म्हणायलाच पाहिजे. माल त्यांचा आहे.

भाची: हेच! गेममध्येही असंच आहे. खरं काय ते कॅम्स्कीला ठाऊक असतं, आणि तो मजा बघत बसतो. गेम सुरू केला की पहिल्या मेनूवरच एक क्लोई असते, आपल्याशी गप्पा मारते. शेवटी ती जाऊ का विचारते. मी जा म्हटलं, तर मेनू रिकामा झाला. नंतर कंपनीने अपडेट काढून दुसरी क्लोई मागवायची सोय केली.

मामा: मागवलीस?

भाची: नाही.

मामा: बैलाच्या वेळी काय होतं माहितेय? बैल कुणा एकाने बनवलेला नव्हता. तपासायचा म्हटला तर कुठलाही जनावरांचा डॉक्टर तपासू शकत होता. आणि त्याच्या बाजूने कोर्टात जायला ते बोर्ड होतं.

भाची: अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड. त्याच १९६० च्या कायद्याने झालेलं.

मामा: तुझ्या कोबॉटच्या बाजूने कोण जाणार? आणि गेलाच कुणी, तर दाखवणार काय? सोर्स कोड कंपनीकडे, लॉग कंपनीच्या सर्व्हरवर, मला इथे नुसता फॉल्टचा नंबर दिसतो. मला तर कंट्रोलर उघडायची परवानगी नाही, सील तुटलं तर वॉरंटी जाते.

भाची: मग रीइन्स्टॉल मारशील?

मामा: त्या रात्री नाही मारणार. लाइन बायपास करून शिफ्ट काढेन, आणि आधी लॉगची कॉपी काढून ठेवेन.

भाची: कुणाला द्यायला?

मामा: ते तू शोध. तिसऱ्या वर्षाला आहेस ना?